परक्या गल्ल्याचे कारकून

चतुर्थीला आमची रेडी माणसांनी फुलते. मुंबई, पुणे, गोवा, जिथे जिथे आमची पोरे पोटामागे गेली आहेत तिथून ती येतात, आणि आरत्या-भजने आटोपली की रात्री माझ्या पडवीत येऊन बसतात. ती माझ्यावरील प्रेमाने येतात असा माझा बरीच वर्षे समज होता. आमच्या पडवीत मोबाईलची रेंज बरी मिळते हे मला मागाहून कळले.

गेल्या चतुर्थीला अशीच दोघे जण बसली होती. दोघेही एके काळी माझ्या चित्रकलेच्या वर्गात बाकावर माशी मारत बसलेले. एक आता मोप्याच्या विमानतळावर कामाला आहे, दुसरा लोअर परळला कसल्याशा कचेरीत. भांडण लागले होते ते एका परदेशी रॉक वाद्यवृंदाच्या नव्या अल्बमवरून. वाद्यवृंदाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. दोन्ही पक्षांचे भक्त मला पत्रे लिहितील आणि दिवाळीचा फराळ कडू करतील. रॉक हा शब्द वाचून वयस्कर वाचकांनी मात्र पान उलटू नये. हे प्रकरण तुमचे-आमचेही आहे.

"लेबलान काय एक केल्यान नाय, सर," परळवाला मला पंच समजून सांगू लागला. "नायतर पयल्याच आठवड्यात एक नंबराक गेलो असतो."

"मेल्या, गाण्यातच दम नाय तर लेबल काय करतला?" मोपावाला.

मग आकडे निघाले. पहिल्या आठवड्याचा खप, दुसऱ्या आठवड्याची घसरण, मागल्या अल्बमचा आकडा, प्रतिस्पर्धी वाद्यवृंदाचा आकडा, कंपनीने जाहिरातीवर किती उधळले आणि कुणावर उधळले. शाळेत ज्यांना सतराचा पाढा आला नाही ती ही पोरे लाखांच्या आणि कोटींच्या गोष्टी बोटांवर करीत होती. मी अर्धा तास ऐकून घेतले आणि अगदी भाबडेपणाने विचारले, "गाणी कशी आहेत रे?"

दोघेही गप्प झाले. माझ्याकडे असे पाहू लागले की मी भर मांडवात वराचा पगार सोडून त्याचा स्वभाव विचारला!

खरा चमत्कार पुढेच होता. परळवाल्याने मला विश्वासात घेऊन सांगितले, की तो रोज रात्री झोपताना त्या अल्बममधले एक गाणे मोबाईलवर लावतो, आवाज पूर्ण बंद करतो, मोबाईल उशीखाली ठेवतो आणि झोपतो. गाणे रात्रभर पुन्हा पुन्हा वाजत राहते. म्हणजे वाजत नाही, नुसते मोजले जाते. जगभरचे भक्त असेच करतात म्हणे. वाचकहो, गाणे रात्रभर चालू आहे आणि ते कुणीही ऐकत नाही, ऐकू नये म्हणूनच त्याचा गळा दाबून ठेवला आहे, आणि हे त्या गाण्यावरच्या प्रेमापोटी! तानसेनाच्या दंतकथा आपण ऐकल्या, पण असला रसिक कोणत्या कथेत भेटला नाही.

मी कागद-पेन्सिल घेतली. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-धंद्याची जी संघटना सोन्याच्या आणि प्लॅटिनमच्या तबकड्या बहाल करते, तिने २०१६ साली नियम केला, की गाणी दीड हजार वेळा वाजली म्हणजे एक अल्बम विकला गेला असे धरावे. चार मिनिटांचे गाणे, आठ तासांची झोप, म्हणजे रात्रीतून एकशेवीस वेळा. साडेबारा रात्री उशी तापवली तेव्हा कुठे एक अल्बम खपला! आणि त्यातही गंमत अशी, की ती संघटना मोजते ते अमेरिकेत वाजलेले. रेडीच्या किंवा परळच्या उशीला तिच्या खातेवहीत जागाच नाही. हे सांगितल्यावर तो किंचित हिरमुसला, पण लगेच म्हणाला, "तुमका ह्या कळाचा नाय, सर. दुसरे पण चार्ट असतत."

मला कळत नाही हे खरे असेल. मी मॅट्रिक झालो, चित्रकला शिकवण्याची पदविका घेतली, तीन कादंबऱ्या लिहिल्या. माझे शिक्षण तेवढेच. पण जन्म रेडीत गेल्यामुळे एक गोष्ट मला कळते. आमच्या गावाला लोखंडाच्या खाणी लागल्या. माझ्या लहानपणी लाल मातीने माखलेले ट्रक बंदराकडे धावत, खनिज बार्जांत भरले जाई आणि बार्जांतून दूर उभ्या असलेल्या बोटींत. आम्ही पोरे यशवंतगडाच्या तटावर बसून बोटी मोजायचो. यंदा गेल्या वर्षापेक्षा जास्त बोटी लागल्या याचा आम्हाला कोण अभिमान! घरी येऊन सांगायचो, तर आजी चुलीपुढून विचारायची, "त्यातली आपली खयची?"

आजीच्या त्या प्रश्नाला मला आजतागायत उत्तर सुचलेले नाही. आमचे डोंगर गेले, खड्डे राहिले, आणि आम्ही मात्र बोटींचे आकडे तोंडपाठ करून बसलो होतो. माझ्या पडवीतली ही दोन पोरे वेगळे काय करीत होती? माल परक्याचा, दुकान परक्याचे, गल्ला परक्याचा, आणि हिशेब लिहायला बिनपगारी कारकून आमच्या गावचे!

केवळ पोरांनाच दोष देऊन मोकळे होण्याचा मास्तरी उद्योग मला करायचा नाही. २०१६ साली 'सैराट' आला. मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला म्हणून आपण सर्वांनी कॉलर ताठ केली. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, तालुक्याच्या कचेरीत जो तो कोटी सांगत होता. जणू त्यातला हिस्सा मनिऑर्डरने घरी येणार होता. अजय-अतुल यांनी त्यातील गाण्यांसाठी लॉस एंजलिसला जाऊन पाश्चात्त्य सिंफनीचे वादक बसवले, व्हायोलिनांचा तो सारा ताफा मराठी शब्दांच्या मागे उभा केला. वरातीत 'झिंगाट'वर धूळ उडवणाऱ्या आम्हा मंडळींपैकी कितीजणांनी एकदा तरी शांत बसून त्या व्हायोलिनांकडे कान दिला? कोटी मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिले.

हा रोग नवा नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री घरोघर माणसे रेडिओला कान लावून बसत, आणि अमीन सयानी कोणते गाणे कितव्या पायरीवर हे सांगत. ती क्रमवारी तबकड्यांच्या खपावर बेतलेली असे. पण नुसता खप मोजला तर ज्याच्या खिशात पैसा तो आपल्याच तबकड्या विकत घेऊन गाणे वर चढवील, ही भीती होतीच. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही जमेस धरली जाई. तेव्हा खोटा खप दाखवायला निदान धनिक माणूस लागे, आणि तो आपल्या पदरचे पैसे घाली. आता ते काम गरिबाचे पोर आपली झोप, आपली वीज आणि आपला मोबाईल खर्चून फुकट करते. शिवाय बिनाकाची माणसे भांडत ती गाणे ऐकून भांडत. अमुक गाणे दुसऱ्या पायरीवर का, याचा राग येण्यापूर्वी ते गाणे त्यांना पाठ झालेले असे.

कंपनीने जाहिरात केली नाही म्हणून अल्बम पडला, हे जे रडगाणे आहे, त्याच्याकडे आता वळतो. या बाबतीत अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. आमच्या गावच्या दक्षिणेला तेरेखोल. तिथून फेरीबोटीने केरीला उतरावे, हरमल-मांद्रे मागे टाकावे, शापोरा नदी ओलांडावी, की शिवोली. या शिवोलीत रेमो फर्नांडिस राहत. मुंबईला जे.जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकलेला, गिटार नि बासरी घेऊन युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातलेला हा माणूस गोव्यात परतला आणि इंग्रजीतून रॉक गाणी रचू लागला. पण गाणी गोव्याची, इथल्या माणसांची, इथल्या खोडींची. असल्या मालाला मुंबईत गिऱ्हाईक कोण? कोणी कंपनी पुढे आली नाही. तेव्हा १९८४ साली त्यांनी घरीच 'गोवन क्रेझी' नावाची कॅसेट केली.

घरीच केली म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ एक लहानसे यंत्र होते. साध्या कॅसेटच्या फितीवर ते चार वेगवेगळे पट्टे मुद्रित करी. एका पट्ट्यावर आधी ताल, मग तो ऐकत ऐकत दुसऱ्यावर गिटार, मग आणखी एखादे वाद्य, मग गळा. वादकांचा ताफा नाही, तंत्रज्ञ नाही, काचेची खोली नाही. शब्द त्यांचे, चाल त्यांची, वाद्ये तेच वाजवणार, आवाजही सगळे तेच काढणार. कॅसेटी तयार झाल्यावर त्या स्कूटरवर लादून ते दुकानोदुकानी फिरले आणि स्वतःच ठेवून आले. झाले! हे त्यांचे लेबल, हीच त्यांची जाहिरात. पुढल्या वर्षी 'ओल्ड गोवन गोल्ड' आली.

माझा मामा म्हापशाला नोकरीला होता. त्याने त्यातली एक कॅसेट आमच्या घरी आणून ठेवली होती. मला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हते. मोठा झाल्यावरही फार कळले अशातला भाग नाही. पण ती फीत आम्ही वाजवून वाजवून झिजवली. दोनदा ती यंत्रात अडकली, दोनदा आईने पेन्सिलीने गुंडाळून दिली. ती किती खपली हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्यावाचून माझे काही अडले नाही.

आता, मी सत्य लपवणार नाही. रेमो पुढे कंपन्यांकडे गेले. १९८६चा 'पॅक दॅट स्मॅक' आणि १९८७चा 'बॉम्बे सिटी' सी.बी.एस. कंपनीने काढले. त्याच १९८७ साली 'जलवा' चित्रपटातून त्यांचा आवाज हिंदी मुलखात पोचला. मग १९९५च्या 'बॉम्बे'मधले रहमान यांचे 'हम्मा हम्मा' आले, १९९८ साली जसपिंदर नरुला यांच्याबरोबरचे 'प्यार तो होना ही था' आले, २००७ साली पद्मश्री आली. स्कूटरवरून कॅसेटी वाटून पद्मश्री मिळते असा भ्रम मी कुणाच्या डोक्यात भरवू इच्छीत नाही. स्कूटर जिथवर पोचते तिथवर पोचते. त्यापुढे कंपनी लागते, चित्रपट लागतो, जाहिरात लागते. हे मान्यच केले पाहिजे.

पण त्याची दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. 'हम्मा हम्मा' निघाले त्या वर्षी आमच्याकडे एकही लग्न, एकही सत्यनारायण त्याच्यावाचून पार पडला नाही. माडाला बांधलेले कर्णे दिवसभर तेच ओरडत. गाणारा माणूस दोन नद्या पलीकडचा, आपला शेजारी आहे, हे त्या मांडवात कुणाला ठाऊक होते? मीच एकदा सांगितले, तर कर्णेवाला म्हणाला, "गप रे, ह्यां मुंबयचा गाणा असा." कंपनी आवाज पोचवते, पण माणूस पोचवीलच असे नाही.

आणि जाहिरातीचा अतिरेक झाला की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २०१४ साली यू-टू या आयर्लंडच्या जुन्या, मातब्बर वाद्यवृंदाचा नवा अल्बम ॲपल कंपनीने सुमारे पन्नास कोटी गिऱ्हाइकांच्या खात्यांत, त्यांनी न मागता, फुकट टाकून दिला. याहून मोठी जाहिरात मनुष्याच्या कल्पनेत येणार नाही. परिणाम काय? लोक संतापले. आमच्या घरात न विचारता हे कोणी आणून ठेवले, म्हणून ओरड झाली. कंपनीला तो अल्बम खात्यातून काढून टाकण्याची वेगळी सोय करून द्यावी लागली, आणि त्या वाद्यवृंदाच्या गायकाने माफी मागितली. आमच्या परळवाल्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण आकडो तर झालो मा?" यावर मी काय बोलणार?

विक्रीची गोष्ट रसिकाने काढूच नये, असे मी म्हणत नाही. काढावी, अवश्य काढावी. पण मग ती शेवटपर्यंत न्यावी. किती खपले हा अर्धा प्रश्न झाला. खपलेल्या पैशातून कुणाला काय मिळाले, हा उरलेला अर्धा. तो विचारताना मी एकाही भक्ताला ऐकलेले नाही. १९६०च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकाला गाण्याच्या कमाईत वाटा हवा असा आग्रह धरला. महंमद रफींचे म्हणणे, मानधन घेतले तिथे आपला हक्क संपला. या मतभेदापायी ते दोन गळे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. एवढा मोठा प्रश्न! पण गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा पक्का बंदोबस्त व्हायला २०१२ उजाडावे लागले. त्या वर्षी कॉपीराइटचा कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले, की गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा त्यांचाच राहील, कोणा निर्मात्याला किंवा कंपनीला तो आधीच लिहून घेता येणार नाही, असे ठरले. राज्यसभेत बसून जावेद अख्तरांनी त्यासाठी जिवाचे रान केले. ही खरी गल्ल्याची गोष्ट. पहिल्या आठवड्याचा खप शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ असलेल्या माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी विचारले, "तुमच्या त्या अल्बममधली गाणी लिहिली कुणी?" एकाने मोबाईल उघडून शोधायला सुरुवात केली. ढोल कोण वाजवतो, तेही त्यांना शोधावेच लागले.

इतके बोलून झाल्यावर मी स्वतः कुठे उभा आहे हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजारच्या शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे खांडेकर मास्तर होते. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत लिहिणाऱ्या प्रत्येक मास्तराला आपण पुढचे खांडेकर आहोत असे निदान एक वर्ष वाटते. मलाही वाटले. माझी पहिली कादंबरी हजार प्रतींची निघाली. दोन वर्षांनी प्रकाशकाचे पत्र आले, की सहाशे प्रती पडून आहेत, अर्ध्या किमतीत उचला, नाहीतर रद्दीत जातील. मी कर्ज काढून उचलल्या. त्या आमच्या माळ्यावर आहेत आणि उंदरांमध्ये माझा वाचकवर्ग वाढतो आहे. प्रकाशकाने जाहिरात केली नाही, हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा उच्चारले, की बायको कंटाळून म्हणाली, "तां वाक्य छापून घेवा, ह्या पुस्तकापेक्षा जास्त खपात."

तेवढ्यावर भागले नाही. एकदा तालुक्याच्या वाचनालयात गेलो, माझे पुस्तक शोधले आणि पाठीमागच्या चिठ्ठीवरच्या तारखा मोजल्या. सतरा. सतरा वेळा पुस्तक गेले होते. मी खट्टू होऊन ते परत ठेवू लागलो, तर तिथल्या बाईंनी ते माझ्या हातातून घेतले आणि मधले एक पान उघडून दाखवले. एका परिच्छेदाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, "आमच्या आईचेही असेच झाले." मी तारखा मोजल्या होत्या, पान उलटून पाहिले नव्हते. तेव्हा परळवाल्याच्या उशीला हसण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे मी जाणून आहे. तरीही हसतो, कारण न हसलो तर त्या रात्री पडवीत जे घडले त्याचे मला रडूच येईल.

त्या दोघांच्या जोडीला आणखी एक मुलगा पायरीवर बसला होता. बारावीतला. बापाची रापण आहे. त्याने कुठून तरी जुनी गिटार पैदा केली आहे आणि तो मालवणीत गाणी रचतो. रॉकच म्हणायचे, पण त्याचा ठेका मला दशावतारातल्या झांजेच्या जवळचा वाटला. पावसाळ्यात होड्या वर ओढतात, त्यावर त्याचे एक गाणे आहे. मी ते एकदाच ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर होडी काढताना माझा हात त्याच ठेक्यात चालला होता.

"ता गाणा खय तुझा? ऐकव मा ह्यांका," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मोपावाल्यानेच सांगितले. पोराने गाणे मोबाईलवरून जगासमोर ठेवले होते. तीन आठवडे राहिले. गावचा जो तो भेटला की एकच विचारी, "कितके झाले?" आकडा चारशेच्या वर जाईना. चारशेबारा असताना त्याने ते काढून टाकले.

चारशेबारा! आमच्या शाळेचा हॉल भरून व्हरांड्यात माणसे उभी राहतील एवढे ते लोक. मास्तर म्हणून मी जन्मात एका वेळी चारशे माणसांशी बोललेलो नाही. आणि हे पोर लाजेने ते गाणे पुसून बसले, कारण दूर कुठल्यातरी देशात कुठल्यातरी कंपनीच्या वहीत गाणे कसे मोजतात ते त्याला या दोन कारकुनांनी शिकवले होते. त्या गाण्यातल्या होडीविषयी, दोरखंडाविषयी, बापाच्या खांद्यावरच्या घट्ट्याविषयी तीन आठवड्यांत एकानेही त्याला अवाक्षर विचारले नाही. मला राग आला तो याचा. परदेशातला वाद्यवृंद पहिला आला काय आणि नववा आला काय, त्यांचे जेवण चुकणार नाही. पण इथे एक गाणे मेले, आणि मारणारे माझेच विद्यार्थी, माझ्याच पडवीत, माझ्याच चहाचा पेला हातात घेऊन बसले होते.

मी तोंडाला येईल ते बोललो. ते इथे छापण्याजोगे नाही. अंक घरातल्या लहानथोरांच्या हाती जायचा आहे. दोघे खाली मान घालून निघून गेले. परळवाल्याचा मोबाईल पडवीतच राहिला होता, तो न्यायला तो अर्ध्या वाटेतून परतला. मी उचलून दिला. हाताला गरम लागला.

पायरीवरचा मुलगा उठायच्या बेतात होता. मी त्याला म्हटले, "उद्या सांजच्याक गिटार घेवन ये. ता गाणा माका परत ऐकूचा असा."

तो बराच वेळ चपलेत पाय घालत राहिला. मग म्हणाला, "सर, कितकी माणसा येतली?"

"तू, मी आणि माझी आवस," मी म्हणालो. "तिका नीट ऐकूक येणा नाय, तेव्हा मोठ्यान गा."